पाठीएवढी कोरी जागा

सावली गावच्या नथ्थूभाऊंना भिंतीसाठी शीतल निळा रंग हवा होता. दिवंगत पत्नी गोकुळाबाईंना मात्र हळदीसारखा पिवळाच प्रिय होता. दोन्ही डबे आणले, पण निर्णय होईना.

“मामाजी, रंग सांगता का भिंत धरूनच बसता?” सून दिव्यानी म्हणाली.

भाऊ दुपारी त्याच भिंतीला टेकून निद्राधीन झाले. गोकुळाबाई होत्या तेव्हा सारवणाच्या दिवशीही ते असेच हलत नसत. “बसा तिथीच! तुमच्या भोवतानं सारवून घेईन,” गोकुळाबाई हसून म्हणत.

ते जागे होऊन उठले, तेव्हा भिंतीवर त्यांच्या पाठीएवढी जागा कोरी होती; सभोवती ओली, पिवळी बोटे उमटली होती. दिव्यानीच्या हातातला पिवळा डबा अजून सीलबंद होता.

“उठलो, गोकुळा. भर आता,” भिंतीकडे न पाहता भाऊ मायेने म्हणाले.

पाठीमागे ओला हात भिंतीवरून फिरू लागला.