दिवाबत्तीपुरतं माणूस

“दोन माणसं आहेत तोवर कंपनी आहे,” मुकुल म्हणाला आणि त्याने सहावी खुर्ची उचलून माळ्यावर टाकली.

उर्वीने खालून स्टूल धरलं होतं. खुर्ची तन्वीरची होती. तन्वीर शनिवारी पुण्याला गेला, जाताना पेढे ठेवून गेला. पेढे खायचे की रडायचं, दोघांनाही कळेना.

२००१ साली मुकुलने रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ, आंब्याच्या पेट्यांच्या गोदामावर, सॉफ्टवेअरची कंपनी काढली तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. सत्कार झाले, नारळ मिळाले. “इथला इंजिनिअर इथेच राहील. चार वर्षांत या रस्त्यावर पन्नास कंपन्या दिसतील,” असं तो भाषणात म्हणाला होता. झाली चार वर्षं. रस्त्यावर मोबाइलची तीन दुकानं वाढली आणि उसाच्या रसाचं एक गुऱ्हाळ. पन्नास कंपन्यांचं राहू दे, आहे त्याच कंपनीतली आठ माणसं दोनावर आली.

कोकणाची रीतच तशी. गावचा एक मुंबईला गेला की तो दुसऱ्याला ओढतो, दुसरा तिसऱ्याला. घरात मागे एक माणूस राहतं, दिवाबत्तीपुरतं. ते कोण, हे कुणी ठरवत नाही. ज्याचा पाय निघत नाही, ते राहतं. आता मुंबईच्या जागी पुणं आलं होतं, एवढाच काय तो फरक.

तन्वीरनेही पोचल्या पोचल्या ओढायला सुरुवात केली. “उर्वी, तुझं नाव दिलंय मी. आमच्या साहेबांना रत्नागिरीची माणसं आवडतात. कमी बोलतात म्हणे.”

“तुला बघून असं वाटलं त्यांना?” उर्वी म्हणाली.

फोनवरच मुलाखत झाली, आणि आठवड्याभरात पत्र आलं. सीनियर प्रोग्रॅमर, पगार इथल्या तिप्पट, एक जूनला हजर व्हायचं. काय ते शुक्रवारपर्यंत कळवा.

तिला जायचं होतं. खोटं कशाला बोला? तिच्या गावच्या, पावसच्या एसटीत ते पत्र तिने येताजाता इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटायला आला.

“जा गो,” तिची आई, कमला, म्हणाली. “तुझा भाऊ गंधार डोंबिवलीला गेला तेव्हा तो थांबला होता का तुझ्यासाठी? दिवाबत्ती मी करीन. अजून हातपाय चालतात माझे.”

“आणि कंपनी?”

“कंपनी काय तुझ्या बापाची आहे?”

बापाची नव्हती, पण चार वर्षं तिने ती आपलीच मानली होती. आणि आता कुठे एक मोठं काम दारापर्यंत आलं होतं. ठाण्याच्या एका हॉस्पिटलला सगळा कारभार कॉम्प्युटरवर घ्यायचा होता. त्यांची अट एकच, पुढची तीन वर्षं निदान दोन इंजिनिअर हवेत. सोमवारी ते कळवणार होते. उर्वी गेली की काम गेलं, काम गेलं की कंपनीला कुलूप. मग ‘इथेच राहा’ असं पुढच्या पोरांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

शुक्रवारी दुपारी ती मुकुलच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“मी नाही जात.”

मुकुलने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले.

“त्यांना कळवलंस?”

“सकाळीच मेल केली.”

“म्हणजे जागा सोडलीस.”

“सोडली. त्यांना काय, माणसांना तोटा नाही.”

“उद्या मन फिरलं तर?”

“मुकुलदादा, एकदा नाही म्हटलं ना मी? विषय संपला.”

“मला नसतं जमलं हे,” तो हळूच म्हणाला. मग मोबाइल घेऊन जिन्यात गेला. ठाण्याला कळवत असेल, असं उर्वीला वाटलं. तिला एकदम हलकं वाटलं.

सोमवारी ती लवकर आली. झाडू मारला, गणपतीच्या फोटोला जास्वंद वाहिली. वीज गेलेली होती आणि इन्व्हर्टरने केव्हाच मान टाकली होती. दहा वाजले तरी मुकुलचा पत्ता नव्हता. साडेदहाला त्याचा फोन आला.

“कंपनीच्या मेलवर पत्र आलंय. वीज आली की प्रिंट काढून ठेव. दोन प्रती. संध्याकाळी येऊन सही करतो.”

“मिळालं?” उर्वी जवळजवळ ओरडलीच. “मुकुलदादा, खरंच मिळालं?”

पलीकडे मुकुल खाकरला.

“मिळालं. तू राहिलीस म्हणून मिळालं, उर्वी. जन्मभर विसरणार नाही मी हे.” मग घाईघाईने म्हणाला, “आणि ऐक, ऑफिसच्या किल्ल्या माझ्या खणात आहेत. तुझ्याकडे घेऊन ठेव.”

आनंदाने तिला काही सुचेना. तिने आईला फोन लावला.

“आई, राहिले ते चुकलं नाही गो माझं.”

“नशीब माझं,” कमला म्हणाली. आवाज मात्र ओला झाला होता. “ये संध्याकाळी, घावन-रस करते.”

अकराला वीज आली. उर्वीने मेल उघडली, कुणाची आहे तेही न बघता प्रिंट दिली आणि प्रिंटरसमोर हात पुढे करून उभी राहिली. जुना प्रिंटर, एकेक ओळ खरडत कागद बाहेर ढकलत होता.

कागद पुण्याहून आला होता. सीनियर प्रोग्रॅमर, पगार तेवढाच, एक जूनला हजर व्हायचं. नाव तेवढं मुकुलचं होतं.