दहावं परीक्षण

रंजितानं तिसऱ्यांदा 'दहापैकी साडेपाच' लिहिलं आणि तिसऱ्यांदा खोडलं.

रात्रीचे दहा वाजून गेले होते. बाराच्या आत परीक्षण वेबसाइटवर चढवायचं होतं. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, सीवूड्सच्या मॉलकडे उगाचच बघत राहिली आणि परत येऊन बसली. दोन मिनिटांनी पुन्हा उठली.

व्हिडिओ गेमचं नाव 'खारगड'. मिठाचं राज्य, त्यातले राक्षस, तलवार घेऊन निघालेला एक आगरी पोरगा आणि चाळीस तासांची लढाई. बनवणारा मिथुन तिच्याच करावे गावचा, शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसणारा. नऊ समीक्षकांचे गुण आले होते, सरासरी शंभरात चौऱ्याहत्तर. दहावी रंजिता. सरासरी पंच्याहत्तरला पोचली तरच परदेशी कंपनी दुसरा भाग काढणार, हे मिथुननंच तिला फोनवर सांगितलं होतं. वर 'तू टेन्शन घेऊ नको' असंही म्हणाला होता. टेन्शन द्यायची ही शहाणी पद्धत.

एका समीक्षकानं लिहिलं होतं, 'तलवार जड, कथा हलकी.' दुसरा म्हणत होता, 'निदान ती खाडी बघण्यासाठी तरी खेळा.' दोघांचंही खरं होतं. पडद्यावर खाडी अशी उतरली होती की रंजिताला घरबसल्या चिखलाचा वास आला. पण बटण दाबल्यावर तलवार जांभई देत उठायची, तोवर राक्षस डोकं उडवून मोकळा. राक्षसही तेच तीन, रंग बदलून पुन्हा पुन्हा आणलेले. साडेपाच. ओढूनताणून सहा.

आठ वर्षांत तिनं ओळखीपाळखीच्या कुणाला अर्धा गुणही वाढवून दिला नव्हता. तिचं नाव होतं ते त्यावरच.

बेल वाजली. दारात गोटीरामकाका, मिथुनचे वडील. हातात सुक्या बोंबलांची पिशवी. आली शिफारस, रंजिताच्या मनात आलं.

"बसा ना काका. चहा ठेवते."

"नको गो. पाच मिंटं." ते सोफ्याच्या कडेला टेकले. "तू लिवतंस तो लोक मानतात ना?"

"मानतात थोडेफार."

"पोऱ्या म्हनतो, सगला आता तुझ्याच हातान हाय."

काकांनी मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. रिकामी खोली, नव्या लाद्या, बिनरंगाच्या भिंती.

"घरावर चौथा मजला बांधलाय त्याचेसाठी. रंग तेवरा राहिलाय. तो म्हनतो, थांबा बाबा, निकाल लागू दे." त्यांनी बोटानं काच पुसली. "ही नातवाची खोली. आमाला दोगांना झोप नाय गो."

ते उठले. दाराशी चपला घालताना खाली बघतच म्हणाले, "जो खरा हाय तोच लिव, पोरी. येवराच सांगाला आलतू."

हे वाक्य आजवर तिला पन्नास जणांनी ऐकवलं असेल, आणि पन्नासही जणांना म्हणायचं होतं एकच, की चांगलं लिही. तोंड उघडून मागायची लाज वाटली की माणसं खरेपणाच्या गोष्टी काढतात. एरवी तिला याचा राग यायचा. आज गलबलून आलं. त्या बिनरंगाच्या भिंती काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात.

साडेअकराला तिनं चौथ्यांदा लिहिलेलं 'साडेपाच' खोडलं. पावणेबाराला लिहिलं, 'लढाई संथ आहे, पण त्या संथपणाला भरतीची लय आहे.' वाचून तिची तिलाच लाज वाटली. खाली तिनं साडेआठ गुण दिले आणि विचार बदलायच्या आत परीक्षण चढवून टाकलं.

सरासरी पंच्याहत्तरवर आली. तिला राहवेना. आयुष्यात पहिल्यांदा माती खाल्ली होती, तर निदान त्या म्हाताऱ्याचा आनंद तरी कानांनी ऐकावा. तिनं काकांना फोन लावला.

"काका, झालं काम! मी साडेआठ दिले! पंच्याहत्तर! आता दुसरा भाग निघणार!"

"तू साडेआठ दिलंस?" काकांनी हळूच विचारलं. "खरा लिवलास ना?"

"हो काका. अगदी खरं."

"मंग जाऊ दे. तू खोटा लिवत नाय म्हनूनच मी तुझेकरं आलतू. खेल परला असता तं पोऱ्या इथंच चौथ्या मजल्यावं रानार होता. आता कंपनी त्याला बायकापोरासकट कॅनडाला नेतंय, कायमचा. पन खेल खराच येवरा चांगला असंल, तं बापानं त्याचे वाटेत कशाला आरवा यावा?"