डाव्या हाताची रांग

पाठ संपायला दहा मिनिटं उरली होती आणि डाव्या हाताची रांग गप्प झाली होती.

शिकाऊ बाईंना ते बरंच वाटलं. मागच्या बाकावर निरीक्षक मॅडम गुण मांडत बसल्या होत्या. हा शेवटचा सराव पाठ. यात पास झालं की शिक्षिकेचं प्रमाणपत्र हातात.

बाईंचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता. प्रवेशाच्या अर्जात अपंगत्वाच्या रकान्यात त्यांनी ‘नाही’ लिहिलं. बहिरी बाई वर्गावर कोण घेणार? वसतिगृहात जेवताना गलक्यात बोलणं कळत नसे, म्हणून त्या एकट्याच जेवायच्या. मुली त्यांना ‘महाराणी’ म्हणायच्या. तेही त्यांना दोन वर्षांनी कळलं, उजवीकडून.

“अर्ध्याचं अर्धं किती?” त्यांनी कागदाला घडी घालून विचारलं. उजवीकडून उत्तर आलं. त्यांनी शाबासकी दिली.

तेवढ्यात डावीकडची एक चिमुरडी उठून थेट पुढ्यात आली.

“बाई, तुम्ही आमच्या रांगेवर चिडलात का? आम्ही केव्हाचे उत्तर सांगतोय. तुम्ही बघतसुद्धा नाही.”

“त्यांना कुठं काय येतं!” उजवीकडून एकजण ओरडला. सगळे त्याला पुढारी म्हणत.

मॅडमचं पेन थांबलं. ‘जागेवर बस’ एवढं दटावलं असतं, तरी भागलं असतं. पण पोरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपलं काय चुकलं, ते ती शोधत होती.

“चिडले नाही गं,” बाई म्हणाल्या. “मला या कानानं ऐकूच येत नाही. आधीच सांगायला हवं होतं. चूक माझी.”

पोरीनं त्यांच्या डाव्या कानाकडे निरखून पाहिलं.

“अजिबात?”

“अजिबात.”

“गाढव ओरडलं तरी?”

“तरी!”

सगळे खदखदून हसले. बाईही हसल्या. मॅडम खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिल्या. घंटा झाली तशी वही मिटून निघून गेल्या.

वर्ग रिकामा झाला. बाई एकट्याच फळा पुसत राहिल्या. मागे कुणीतरी घुटमळत होतं. पुढारी. वळसा घालून तो त्यांच्या उजव्या बाजूला आला, टाचा उंचावल्या आणि कानाशी लागला.

“बाई, मला फळ्यावरचं दिसत नाही. शेजारच्याचं बघून लिहितो. कुणाला सांगू नका हं.”