पाणी निवळल्यावर

टाकीच्या काचेवर लावलेल्या भाषांतर-यंत्रातून मासा आठवडाभर कुरकुरत होता, "चारुताई, पाणी गढूळ आहे. मला काही म्हणजे काही दिसत नाही."

चारुशीला वैतागली. "अरे, फिल्टरचा स्पंज रोज नळाखाली घासून धुते मी!"

"तिथंच तर चुकतंय. त्यानं पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू मरतात. स्पंज टाकीतल्याच पाण्यात नुसता पिळायचा."

तिनं ऐकलं. काही दिवसांत पाणी असं नितळ झालं, की मासा हवेत तरंगतोय असं वाटावं. चारुशीला कौतुक ऐकायला समोर येऊन बसली.

माशानं काचेला नाक लावून सगळा हॉल न्याहाळला.

"पाणी झकास! पण ताई, सोफ्यावरचा तो कपड्यांचा डोंगर कधी आवरणार?"

चारुशीलानं स्पंज काढला आणि सरळ नळाखाली धरला.