आज काय केलंय?

सिंधूबाईंच्या यजमानांचा थरथरता हात तपासून गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांनी विचारलं, “वास येतो का?” “नाही हो, कधीचाच गेलाय. वय झालं म्हटलं,” यजमान म्हणाले. “वास जाणं, पोट साफ न होणं, ही कंपवाताचीच भावंडं. कधीकधी हात थरथरण्याआधीच येतात.” परतताना सिटी बसमध्ये सिंधूबाईंना रोजची जेवणाची वेळ आठवली. घरभर फोडणी घमघमत असताना यजमान रोज विचारायचे, “आज काय केलंय?” त्यांना तो टोमणा वाटायचा. “नाक कुठं गेलंय?” म्हणत त्या ताट आदळायच्या. घरी येऊन त्यांनी दमलेल्या हातांनी स्टोव्हला पंप मारला, कुळथाच्या पिठाच्या शेंगोळ्यांसाठी लसूण ठेचून तेलात टाकला. खुर्चीतून प्रश्न आलाच, “आज काय केलंय?” सिंधूबाईंनी तेलातला लसूण परतला. “शेंगोळे,” त्या म्हणाल्या, “लसूण लाल झालाय, गल्लीभर वास सुटलाय.” “असं होय,” म्हणत यजमानांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला.