भंगाराचा भाव

"वहिनी, मोठ्या निगेटिव्हवरून फोटो छापायला एन्लार्जर शोधतोय. परवडेल असा कुठे मिळतच नाही," समोरच्या स्टुडिओचा शिरगुप्पे गोड आवाजात म्हणाला.

कुंदाताईंनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. डिजिटल आलं तेव्हा याच मेल्याने भर चौकात त्यांच्या नवऱ्याला हिणवलं होतं, "तुमचा तो एन्लार्जर घाला आता भंगारात!" त्या दिवसापासून नवऱ्याने मरेपर्यंत डार्करूमचं दार उघडलं नाही. आणि आता पुन्हा फिल्मची टूम निघाली, तर हा दारात हजर.

"भाव तुम्हीच लावून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "भंगाराच्या दराने न्या."

शिरगुप्पेची कळी खुलली. त्याने लगोलग टेम्पो आणला, वजनकाटाही आणला. यंत्र काट्यावर चढणार तेवढ्यात कुंदाताई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे झाल्या. त्यांनी आतली भिंगं काढली, खालची लेन्स काढली आणि सगळं पदरात गुंडाळलं.

"अहो, काचांशिवाय हे धूड माझ्या काय कामाचं?" शिरगुप्पे ओरडला.

"भंगारात काच धरत नाहीत," कुंदाताई म्हणाल्या. "लोखंड तेवढं न्या."