मध्येच थांबलेलं भजन

दवाखान्याकडे निघालेली गाडी भाट्याच्या पुलावर आली, तेव्हा स्टिरिओवर बाबूबुवांचं भजन चांगलं रंगात आलं होतं. बुवांना जाऊन चार वर्षं झाली होती. गुरुप्रसादने वडिलांच्या जुन्या कॅसेटची सीडी करून घेतली होती, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या चिमाबाई नवऱ्याच्या आवाजावर मांडीवर ताल धरून होत्या.

एवढ्यात मोबाइल वाजला आणि बुवा ओळीच्या मध्येच गप्प झाले. त्याच स्पीकरमधून गुरुप्रसादच्या मेहुण्याचा आवाज आला, "भावोजी, तुम्हाला मुलगी झाली. शमिका बरी आहे."

फोन संपला. बुवांनी अर्धा सोडलेला शब्द तिथूनच उचलला आणि पुढे गाऊ लागले.

चिमाबाईंचा हात मात्र मांडीवरच थबकला होता.

"आये, रडतेस कशाला?"

"ते थांबले रे."

"फोन आला की गाणं आपोआप थांबतं, आये. तशी सोयच आहे यात."

देवळात गाभाऱ्याकडे बघावं तशा त्या स्टिरिओकडे बघत राहिल्या.

"तू झालास तेव्हा दोनदा माणूस धाडला होता देवळात," त्या हळूच म्हणाल्या. "भजन सोडून उठले नव्हते."